बैलाला आवतन

आमच्या घरी पोळ्याची गोष्ट गोठ्यात सांगायची रीत. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना पळसाच्या पानानं हळद-तूप लावायचं, ‘आज आवतन घे, उद्या जेवाले ये’ म्हणायचं, आणि मग तिथंच शेणाच्या वासात पोरांना नंदीची गोष्ट. सांगायची बायको. मी दिवा धरून उभा राहायचो आणि मधेच बैलाचा आवाज काढून तिचा राग ओढवून घ्यायचो. गोष्ट शिकायची वेळच कधी आली नाही.

बायको गेली. बैल त्याआधीच विकले. धानाच्या चिखलणीला आता ट्रॅक्टर येतो. मुलगा पुण्याला. यंदा सून आणि नातीला घेऊन पोळ्याला तो मूल तालुक्यातल्या आमच्या गावी येणार होता. नातीसाठी मी लाकडी नंदीही रंगवून ठेवला. ऐन वेळी मुलाची सुट्टी हुकली. मी अगदी सहज म्हणालो, काही हरकत नाही, गोष्ट फोनवर सांगतो. खरं म्हणजे ही गोष्ट पोरीच्या कानावर गेली नाही, तर आमच्या घरचा पोळा माझ्यापाशीच संपणार होता.

आमचा गोठा रिकामा, म्हणून शेजाऱ्याच्या गोठ्यात गेलो. एका हातात फोन, दुसऱ्या हातात हळद-तुपाची वाटी. फोनमध्ये नात. मोठ्या थाटात सुरुवात केली. महादेवानं नंदीला पाठवलं, जा, माणसांना सांग, रोज तीनदा आंघोळ करा आणि एकदा जेवा. नंदी डोंगर उतरला, जंगल ओलांडून गावात आला. आणि मी आवाज चढवून, एक अक्षर न चुकता, तोच निरोप त्याच्या तोंडून सांगून टाकला.

पुढे गोष्टच उरली नाही. नंदी हुशार निघाला, महादेव खूश, सगळे आपापल्या घरी.

“मग आबा, बैल आपल्याकडे कशाला आला?” नातीनं विचारलं.

शेजारी बैलाची शिंगं घासत होता. मान न वळवता म्हणाला, “भाऊ, नंदीले चुकू तं द्या. तुमच्यानं आजवर येक काम बिनचूक झालं नाई, आन् आजच काऊन?”

मग नंदीला परत पाठवलं. या खेपेला तो वाटेत गवत खात रेंगाळला आणि गावात येऊन म्हणाला, तीनदा जेवा, एकदा आंघोळ करा. महादेव चिडला. आता एवढं धान्य पिकवणार कोण? तूच जा, ओढ नांगर. तेव्हापासून तो आपल्याकडे कामाला. म्हणून वर्षातून एक दिवस त्याला पाहुणा करायचं, आणि पाहुण्याला आवतन द्यायचं. हे शेवटचं अगदी बायकोच्या सुरात आलं. माझा मीच दचकलो.

वाटी खाली ठेवून मी पळसाच्या पानानं बैलाच्या खांद्याला तूप लावलं आणि त्याला आवतन दिलं. नात फोनच्या अगदी जवळ आली.

“त्याला बोलावलंस. मला कुठे बोलावलंस?”

तू तर येणारच होतीस, असं काहीतरी मी पुटपुटलो. तिला ते पटलं नाही. तिनं खांदा कॅमेऱ्यापुढे धरला. मी पान वाटीत बुडवलं आणि फोनवर, जिथं तिचा खांदा दिसत होता तिथं, फिरवलं.

“आज आवतन घे, उद्या जेवाले ये.”

ती हसली आणि सगळं पिवळं झालं. मग नुसता आवाज. आईला सांगत होती, उद्या आबांकडे जेवायला जायचंय, आवतन आलंय. आई काहीतरी समजावत होती. ते ऐकवेना, म्हणून मी फोन बंद करू लागलो, पण तुपकट बोटांनी तो बंद होईना. शेवटी तिकडूनच झाला.

दुसऱ्या दिवशी पोळा फुटून बैल घरोघरी निघाल्यावर शेजाऱ्याची जोडी दारी आली. पुरणपोळी माझ्या हातची, वरून करपलेली, आतून कच्ची. बैलांनी तक्रार न करता खाल्ली. ज्याला आवतन दिलं त्याचं ताट वाढावंच लागतं, म्हणून एक ताट आत वाढून ठेवलं होतं. ताटाजवळ लाकडी नंदी. दार उघडंच ठेवलं.

दिवेलागणी झाल्यावर तेही मीच खाल्लं. दिवसातलं ते तिसरं जेवण. आंघोळ एकदाच झाली होती.