दहापैकी नऊ

आकडेबाईंना गाडी चालवता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बावीस वर्षं त्यांनी गाडीवाल्यांची मतं गोळा केली, पण स्टिअरिंगला कधी हात लावला नाही. ऑफिसात बसने यायच्या आणि बसनेच घरी जायच्या. हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, असं कोणी म्हणालं की त्या शांतपणे विचारायच्या, "डॉक्टरला काय सगळे आजार होऊन गेलेले असतात?" आणि पुढचा नंबर फिरवायच्या.

तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, सहा टेबलं, सहा फोन. गाडी घेऊन वर्ष झालेल्या माणसाला फोन करायचा आणि दहा प्रश्न विचारायचे. इंजिनात दम आहे का? मागे तिघं नीट बसतात का? पेट्रोल किती पिते? ब्रेक कसा आहे? मोजलेल्या पैशांचं चीज झालं का? प्रत्येक उत्तर दहापैकी आकड्यात. फॉर्मच्या तळाशी 'इतर मत' असा काड्यापेटीएवढा चौकोन. लोक त्यात काय वाट्टेल ते सांगायचे आणि बाई मुंगीएवढ्या अक्षरात ते उतरवून घ्यायच्या. पुढे तो चौकोन कोणी वाचत नसे. संगणकात फक्त आकडे जायचे, म्हणून तर बाईंचं नाव आकडेबाई पडलं होतं.

कान मात्र त्यांचा तयार होता. माणूस आठ म्हणाला की त्या मनात सहा धरायच्या. स्वतःच्या गाडीला नावं ठेवणं म्हणजे आपण फसलो हे कबूल करणं, आणि ती हौस कोणाला असते? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे गाडीच्या बाबतीतही तितकंच खरं. मागून बायको "खरं सांगा की" म्हणाली तर बाई आणखी एक गुण मनातल्या मनात कापायच्या. फॉर्मवर मात्र त्यांना आठच लिहावे लागत.

वडील गेले तेव्हा बाई एकोणीस वर्षांच्या होत्या आणि धाकटा भाऊ सात. नोकरी धरली, भावाला शिकवलं, स्वतःचं लग्न राहून गेलं. आता भाऊ डोंगरापलीकडच्या गावात कागदाच्या कारखान्यात होता. लग्न होऊन बायको घरी आली होती, आई त्याच्याकडेच होती. त्याने गाडी घ्यायची ठरवली तेव्हा त्याच्या मनात दुसरीच भरली होती, उंच चाकांची. पण बाईंनी त्याला 'मधली' घ्यायला लावली. कंपनीच्या तीन गाड्या, लहान, मधली आणि थोरली, म्हणून सगळे तिला मधलीच म्हणत. घरातली चार-पाच माणसं बसतील, सामान मावेल, किंमत बेताची, आणि बाईंच्या आकड्यांत साडेआठ. भाऊ म्हणाला, "ताई म्हणते म्हणजे झालं."

वर्षाने यादीत त्याचा नंबर आला. बाईंनी तो दुसऱ्या टेबलावर जाऊ दिला नाही. इंजिन नऊ, जागा नऊ, ब्रेक नऊ. इतर मत? "काही नाही ताई. एकदम छान आहे." बाई त्या दिवशी बसमध्ये उभ्याने आल्या तरी हसत होत्या.

ज्या सकाळची ही गोष्ट आहे, त्या सकाळी साहेबांनी त्यांच्या टेबलावर मधलीचे एकशे चाळीस फॉर्म आणून टाकले. कंपनीला माहितीपत्रक काढायचं होतं.

"बाई, त्या खालच्या चौकोनांतून दोन-चार गोड वाक्यं काढा. बारापर्यंत पाहिजेत."

बाईंचं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. दुपारी एकला आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, इथल्याच शहरातल्या हॉस्पिटलात. भावाला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून भावजय गाडी घेऊन निघाली होती. लायसन्स हातात येऊन जेमतेम आठ महिने झालेले, आणि घाट पहिल्यांदाच. सोबत आई, मावशी आणि चार बॅगा. मावशी स्वतःच म्हणायची, "मला दीड माणूस धरा." साडेनऊला भावजयीचा निरोप आला होता, 'निघालो ताई. फोन कप्प्यात ठेवते.' गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, खुद्द देवाचा आला तरी, हा नियम घरात बाईंनीच घातला होता. रोज मालकांकडून अपघातांच्या कहाण्या ऐकून त्यांनी हा धडा घेतला होता.

त्या गोड वाक्यं शोधू लागल्या. 'मुलं मागे झोपतात, कळतही नाही.' हे चांगलं होतं. 'सासऱ्यांनासुद्धा आवडली.' हेही चालण्यासारखं. मग एक आलं, 'लांब उतारावर ब्रेकचा पाय खोल जातो. सवय होते.' बाई पुढे गेल्या. दहा-बारा फॉर्म झाले आणि, 'डोंगर उतरताना पेडल मऊ लागतं, बहुतेक माझ्या बुटामुळे.' आणखी थोडे झाले आणि, 'घाटात ब्रेक लागतो, पण जरा विचार करून लागतो.' या माणसाने हसत सांगितलं होतं आणि बाईही हसल्या होत्या, हे त्यांना आठवलं.

त्यांनी तो फॉर्म बाजूला ठेवला. मागचे दोन काढून त्याच्या शेजारी मांडले. अक्षर त्यांचंच होतं. तिघांनीही ब्रेकला आठ दिले होते.

आता त्या गोड वाक्यं शोधत नव्हत्या. दहा मिनिटांत अकरा फॉर्म वेगळे निघाले. अकराही जण डोंगराळ भागातले आणि अकराही जणांची गाडी तेव्हा भरलेली. प्रत्येकाने स्वतःला दोष दिला होता, कोणी बुटाला, कोणी उन्हाला, कोणी वयाला. सपाट रस्त्यावर ब्रेक झकास लागायचा, म्हणून आकडे सगळे गोड. घोडं कुठे पेंड खातंय हे कधीपासून त्या काड्यापेटीत लिहिलं जात होतं आणि लिहिणारीनेही कधी सलग वाचलं नव्हतं.

दहा पस्तीस झाले होते. घाटमाथा अकराच्या सुमारास येतो.

त्यांनी भावजयीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. आईचा लावला, तो घराकडे लक्ष ठेवायला आलेल्या शेजारणीने उचलला. "अहो, त्या फोन चार्जिंगला लावून विसरूनच गेल्यात." मावशीकडे फोन नव्हताच. मग भावाला कारखान्यात लावला. यंत्रांच्या घरघरीतून तो ओरडला, "काय झालं ताई? पोचले का?"

"मला एक सांग. उतारावर ब्रेक मऊ लागतो का?"

घरघर चालू राहिली.

"अरे, बोल!"

"लागतो," तो म्हणाला. "पहिल्या महिन्यापासून. मी दुसऱ्या गिअरवर उतरतो, मध्ये थांबतो. मग काही होत नाही."

"तू मला नऊ सांगितलेस."

"तू घ्यायला लावली होतीस ना गाडी. एवढ्या हौसेनं. तुला काय सांगणार होतो?"

"आणि तिला? दुसऱ्या गिअरचं तिला सांगितलंस?"

"ती घाटात कधी नेईल असं वाटलंच नाही... आणि तिला सांगितलं असतं तर तिनं तुला सांगितलं असतं." त्याचा आवाज फाटला. "ताई, मी निघतो. मोटरसायकल घेतो."

"तू सव्वा तास मागे आहेस," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. राग आला होता, पण तो भावाचा की स्वतःचा हे ठरवायला वेळ नव्हता. जगातल्या सगळ्या मालकांचे दोन-दोन गुण कापणाऱ्या बाईंनी एकट्या भावाचे नऊ जसेच्या तसे खरे मानले होते.

खालच्या खणात साहेबांनी लाल रेघ मारून रद्द केलेले फॉर्म असायचे. चारच्या खालचा आकडा म्हणजे माणूस तिरसट, असं साहेबांचं म्हणणं. बाईंनी खण उपसला. एक माणूस त्यांना हवा होता. ऑफिसात त्याला 'तीनवाले काका' म्हणून नाव पडलं होतं. तीस वर्षं ट्रक चालवलेला, आता घाटमाथ्यावर पंक्चरचं दुकान, दारात मुलाने घेतलेली मधली. ब्रेकला त्याने तीन दिले होते आणि कारण सांगायला लागला होता. बाईंनी त्याला मध्येच तोडलं होतं, "काका, फक्त आकडा सांगा." त्यावर तो म्हणाला होता, "बाई, आकडा दाबून गाडी थांबत नाही," आणि त्याने फोन आपटला होता.

दहा एक्कावन्न. फोन वाजला. पाचव्या घंटेला उचलला गेला.

"काका, मी ती मधलीच्या मतांसाठी फोन केला होता ना, ती. आकडा मागणारी."

"मग आता कुठला आकडा पाहिजे?"

"आता मी देते. एक्केचाळीस बहात्तर. निळी मधली. चालवणारी नवीन आहे. मागे माझी आई आणि मावशी आहेत, चार बॅगा आहेत. तिला दुसऱ्या गिअरचं काही माहीत नाही. काका, तुमचं खरं होतं. तेवढी गाडी थांबवा."

त्याने मागचा हिशोब काढला नाही, टोमणा मारला नाही. "ठेवू नका फोन," एवढं म्हणाला. रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग चपला दूर गेल्या.

बाईंनी फोन कानाशी घट्ट धरला. हवा भरायचं यंत्र धडधडत होतं. एक ट्रक गेला, मग दुसरा. एक हलकी गाडी आली आणि ती न थांबता खाली निघून गेली. ती निळी होती का? बाईंना चालवता येत नव्हतं, दिसतही नव्हतं. त्यांच्याजवळ फक्त कान होता.

"बाई, वाक्यं झाली का?" साहेब टेबलाशी उभे होते. "आणि ही लाइन किती वेळ अडवून ठेवणार? उरलेले फोन कोण करणार?" त्यांनी लाइन तोडायला फोनकडे हात नेला.

बाईंनी तो हात धरला. बावीस वर्षांत त्यांनी साहेबांना साधं 'थांबा' म्हटलं नव्हतं. "या फोनला हात लावाल तर याद राखा," त्या म्हणाल्या. खोलीतले उरलेले पाच आवाज बंद पडले. साहेबांनी हात मागे घेतला.

अकरा वाजून दोन. अकरा वाजून पाच. पुन्हा एक हलकी गाडी जवळ आली. "ए! ए पोरी! थांब!" असं लांबून ऐकू आलं, मग पत्र्यावर हात आपटल्याचा आवाज, मग चाकं खडीवर घासल्याचा. मग काहीच नाही. आणि त्या शांततेतून एक खणखणीत आवाज उठला, "कोण तुम्ही? आमच्या गाडीवर हात कसा मारता?"

मावशी होती. बाईंनी टेबलावर डोकं टेकलं आणि त्या रडल्या, सगळ्यांसमोर, फोन कानाला तसाच लावून.

थोड्या वेळाने भावजय फोनवर आली. "ताई, हे काका म्हणतात, गाडी आत्ता खाली न्यायची नाही."

"त्यांचं ऐक. ब्रेक कसा वाटला तुला?"

"मघाचा छोटा उतार होता ना, तिथे पाय पार खाली गेला. मला वाटलं मलाच नीट दाबता येत नाही. मागे आई बसल्या होत्या, म्हणून काही बोलले नाही."

काकांनी आपल्या एका पाहुण्याच्या थोरल्या गाडीत आई, मावशी आणि भावजय अशा तिघींना बसवून खाली धाडलं. ऑपरेशन तासभर उशिरा झालं, पण झालं. मधली दुकानासमोरच राहिली.

बाईंनी साहेबांना बाराच्या ठोक्याला बारा वाक्यं दिली. एकही गोड नव्हतं. सगळ्यात वर लाल रेघेचा फॉर्म होता. साहेबांनी ती उभ्याने वाचली, मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचली. "हे मला वर पाठवावं लागेल," ते पुटपुटले. पाठवतील की नाही याची खात्री नव्हती, म्हणून बाईंनी आधीच एक प्रत पर्समध्ये घातली होती. ऑफिसातल्या माणसांना ओळखण्याइतक्या त्या शहाण्या होत्या.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या बाकावर भाऊ त्यांच्याशेजारी येऊन बसला. आत आई पट्टी बांधून झोपली होती. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "ताई, चुकलं माझं."

बाईंनी पर्समधून कोरा फॉर्म काढला, पेनचं टोपण काढलं आणि ऑफिसातल्या आवाजात विचारलं, "ब्रेकबद्दल आपलं मत?"

"तीन," तो म्हणाला. "नाही, दोन."

बाईंनी मान हलवली आणि फॉर्म उलटा केला. मागची बाजू सगळी कोरी होती.

"आकडा नको," त्या म्हणाल्या. "काय होतं ते सांग. पहिल्या दिवसापासून."

भाऊ सांगू लागला. बाईंनी त्याला एकदाही मध्ये तोडलं नाही.