शेवटची सोळा पानं अकोल्याला गेली

शेंदूरजनाघाटच्या त्या संत्रा शेडमध्ये सगळ्या बाया खाली बसून फळं निवडतात. एकटी मनकर्णाबाई तेवढी उलट्या क्रेटवर बसते, आणि तिच्या हातात संत्रं नसतं, पुस्तक असतं.

तीन वर्षांपूर्वी तिचा गुडघा गेला. मांडी घालता येईना, उकिडवं बसवेना. मुकादम चंद्रभान म्हणाला, "आता घरी आराम करा, बाई." तेव्हा चंदा, जिच्या तोंडाला सारं शेड टरकून असतं, ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती. "तिच्या वाट्याचा माल आमी निवडतो. थे आमाले वाचून दाखवीन. हात कामात असते, कान तं रिकामेच हायेत ना?"

क्रेटच्या तळाशी घालायला रद्दीचे गठ्ठे येत. त्यात पेपर, जुने गाईड, आणि मधूनच एखादं पोरांचं पुस्तक. कोणी भुयारात अडकलेलं, कोणाला टोळीनं पळवलेलं, कोणी मास्तरच्या खुर्चीला डिंक लावून पसार झालेलं. मनकर्णाबाईची शाळा सातवीपर्यंतची. चष्म्याची एक काडी तुटली म्हणून तिथं सुतळी. पण बाई वाचायची अशी की चोर आला म्हटलं की बाया मागं वळून पाहत. पेपर वाचायला घेतला तर चंदाच ओरडायची, "थे मंत्र्याचं राहू द्या वो! पोट्टे भुयारात उपाशी हायेत, त्याइचं पाहा पहिले."

शेडचा एक नियम पडून गेला होता. वाचून झालेलं पान फाडायचं आणि रागिणीला द्यायचं. रागिणी ते क्रेटमध्ये अंथरायची, वर संत्री. पुस्तक पुढून झिजत जायचं, गोष्ट मागं मागं सरकायची, आणि संपली की हातात नुसता पुठ्ठा.

यंदा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडी येणारं पीक, जोरात होता. दिवाळीच्या सुट्या म्हणून रागिणीची अकरा वर्षांची करिश्माही शेडमध्ये येऊन बसे. पुस्तकही तसंच जबर निघालं होतं. पुढचं कव्हर नव्हतं, म्हणून नाव कोणाला ठाऊक नाही. बबी आणि तिचा भाऊ दिनू चोरांचा माल पाहतात, आणि मिशीवाला चोर दोघांना गोदामात कोंडतो. बबीच्या तोंडावर पट्टी बांधली त्या दिवशी बायांचे हात असे थांबले की चार सडकी फळं चांगल्या मालात गेली. व्यापाऱ्याचा तक्रारीचा फोन आला. चंद्रभान दुसऱ्याच दिवशी भलामोठा स्पीकर घेऊन आला आणि खांबाला टांगला.

"आता गाणे वाजतीन. गाण्यानं हात चालते, गोष्टीनं थांबते. मनकर्णाबाई, तुमी खाली बसून निवडा, नाईतर..."

"शेवट तं होऊ द्या!" चंदा म्हणाली.

चंद्रभाननं मिशी खाजवली. गोष्ट तोही खांबाआडून रोज ऐकत होता, हे साऱ्यांना माहीत होतं. "बरं. शेवट दमदार निघाला तं वाचन चालू. फुसका निघाला तं स्पीकर."

मनकर्णाबाई हसली. एवढं दमदार पुस्तक, शेवट फुसका कसा निघेल?

सोळा पानं उरली होती. कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला, इथवर तिनं वाचलं आणि चहाला उठली. उठताना पुस्तक ठेवलं ते नेमकं रद्दीच्या गठ्ठ्यावर. अकोल्याचा ट्रक दारात हॉर्न वाजवत होता. रागिणीनं घाईघाईत हाताला लागेल ते फाडलं, अंथरलं, क्रेट भरले. बाई चहा पिऊन आली तेव्हा गठ्ठ्यावर नुसता मागचा पुठ्ठा होता आणि ट्रक वरुडच्याही पुढं गेला होता.

"मायबाई!" रागिणीनं कपाळाला हात लावला. "मले वाटलं, वाचून झालं."

"तुह्यी चूक नाई," मनकर्णाबाई म्हणाली. "रद्दीवर म्याच ठेवलं." पण खाली बसून माल निवडायच्या नुसत्या विचारानं तिच्या गुडघ्यात कळ आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंदानं अकोल्याचे व्यापारी उत्तमराव यांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला.

"भाऊ, क्रेटमधले कागद फेकू नका!"

"कावून? त्यात नोटा हायेत का?"

"गोष्ट हाये."

"बाई, मी संत्रे विकतो. गोष्ट कायले विकू?"

"भाऊ, दोन लेकरं गोदामात अडकले हायेत!"

"आँ? माह्या गोदामात?" तिकडं काहीतरी धाडकन पडलं. उत्तमरावांना खरं काय ते समजवता समजवता दहा मिनिटं गेली. मग त्या माणसानं खरंच शोधलं. दुपारी मोबाईलवर एक फोटो आला. एकच पान, रसानं भिजलेलं, आणि त्यावर वाचता येतील अशा दोनच ओळी. 'मिशीवाल्यानं दार उघडलं. आत कोणीच नव्हतं.'

"मंग गेले कुठी?" करिश्मानं विचारलं.

चंद्रभान स्पीकरची वायर हातात घेऊन उभा होता. मनकर्णाबाईनं उभ्या आयुष्यात स्वतःच्या मनानं एक ओळ रचली नव्हती. तिनं चष्मा पुसला. समोर पाहिलं. समोर तणसावर, वाळल्या पेंढ्यावर, ओतलेला संत्र्यांचा ढीग होता, छातीएवढा.

"गोदामात होता संत्र्याचा ढीग," ती सावकाश म्हणाली. "बबीनं दिनूले तणसात निजवलं, सोता निजली, अन् वरून संत्रे ओढून घेतले. मिशीवाला आला, पाहते तं चारी भिंती अन् ढीग. थो ढिगाच्या मांगं पाहाले गेला, तं हे दोघं निघून दाराबाहेर अन् बाहेरून कडी!"

बायांनी ढिगाकडं पाहिलं. मग चंदाच म्हणाली, "काही सांगता का बाई! संत्रे गोल असते. घरंगळून खाली येतीन. पोट्टे झाकतीन कसे?"

"तेच म्हणतो मी," चंद्रभान म्हणाला. "फुसका!" आणि प्लग शोधायला दाराबाहेरच्या बोर्डाकडं गेला.

मनकर्णाबाईचं तोंड उतरलं. मात्र करिश्मा उठली, ढिगाच्या कडेला तणसात आडवी झाली. "टाक माय, लवकर." रागिणीनं आधी तणस टाकलं, मग फळं. तणसात फळं रुतून बसली, एक म्हणता एक घरंगळलं नाही. चंदा पाहत राहिली, आणि मग तिनंच ओंजळीनं भर घातली.

चंद्रभान परत आला. बाया खाली मान घालून निवडत होत्या. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, ढिगाला पूर्ण फेरी मारली.

"करिश्मा कुठी गेली वो?"

बायांच्या माना आणखी खाली गेल्या.

"आत्ता तं इथीच होती! दारातून तं गेली नाई, दारात मी..." तो थांबला. त्याची नजर हळूहळू ढिगाकडं वळली, आणि तेवढ्यात ढीग शिंकला.

चंद्रभान दोन पावलं मागं उडाला तो थेट क्रेटवर आदळला. बायांनी पदर तोंडात कोंबले, तरी हसू आवरेना. करिश्मा केसांतलं तणस झाडत उभी राहिली आणि म्हणाली, "मुकादमकाका, तुमाले मिशी हाये म्हणून तुमीच चोर!"

तो बराच वेळ हसला नाही. खाली घरंगळलेलं एक संत्रं उचलून त्यानं ढिगावर ठेवलं, ते पडत नाही याची खात्री केली, आणि घसा साफ केला.

"मंग? कडी लावल्यावर मिशीवाल्याचं काय झालं?"

मनकर्णाबाई उलट्या क्रेटवर ऐसपैस बसली. हातात पुस्तक नव्हतं, मांडीवर नुसता पुठ्ठा होता.

"सांगते," ती म्हणाली. "पहिले थो स्पीकर खाली उतरवा."