रागाचे दोन तक्ते

"काऊन सर, मले काऊन नाई?" निर्मला माझ्या टेबलासमोरून हलायला तयार नव्हती.

साल २००६. सालेकसा तालुक्यातल्या एका संस्थेला मुलांच्या वसतिगृहासाठी वॉर्डन हवा होता. मी मानसशास्त्रज्ञ, गोंदियात माझी प्रॅक्टिस. उमेदवारांची पर्सनॅलिटी टेस्ट घेऊन रिपोर्ट द्यायचं काम माझ्याकडे होतं. शेवटी दोघं उरले. सौंदडची निर्मला आणि एक माजी पीटी शिक्षक. राग, उतावळेपणा, दुसऱ्याच्या दुखण्याबद्दल बेपर्वाई, या तिन्हींत दोघांचे गुण जवळपास सारखे आले. जास्तच.

पण अशा टेस्टला नॉर्म असतात. म्हणजे आलेले गुण कुणाशी ताडून बघायचे, त्याचा तक्ता. बायकांचा वेगळा, पुरुषांचा वेगळा. पुरुषांची सरासरी मुळातच वर असते. त्यामुळे तेच गुण तिच्या तक्त्यात 'धोकादायक' ठरले आणि त्याच्या तक्त्यात 'सामान्य'. मी तसं लिहून दिलं.

संस्थेचे सचिव खूश झाले. "आदमी ही ठीक है डॉक्टर. पोट्टे बाईले घाबरत नाईत."

निर्मलाला मी हे सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं, शास्त्र आहे, पटेल.

"म्हन्जे बायांमंदी मी रागीट, अन् मानसांमंदी तो बरा?"

"हो."

"अन् थापड मारली तं? पोट्ट्याले बाईची जास्त लागते अन् मानसाची कमी?"

मी हसलो. "ताई, ते तसं नसतं."

"मंग मले नोका घेऊ. पन त्यालेही नोका घेऊ." पिशवी उचलून ती निघून गेली.

नोकरी त्या पीटी शिक्षकाला मिळाली. दिवाळीनंतर त्याने चौथीतल्या एका मुलाच्या कानशिलात मारली. जेवणाच्या रांगेत बोलला म्हणून. सचिवांचा फोन आला.

"डॉक्टर, तुम्हारे रिपोर्ट में तो नॉर्मल था!"

"नॉर्मलच होता," मी म्हणालो. ते खोटंही नव्हतं.

मी दवाखान्यात गेलो. नाव विचारलं की पोरगं मान वळवून उजवा कान पुढे करायचं. डाव्या कानाने त्याला पुढेही कधी नीट ऐकू आलं नाही.

तो माणूस इतर पुरुषांसारखाच आहे का, असं मला कुणी विचारलंच नव्हतं. त्याच्या हाती पोरं द्यावीत का, एवढंच विचारलं होतं. मी भलत्याच प्रश्नाचं बिनचूक उत्तर दिलं. निर्मलाकडे जाऊन हे कबूल करायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

आता मुलांजवळच्या नोकरीसाठी मी सगळ्यांना एकच तक्ता लावतो. त्यात बरेच पुरुष नापास होतात, काही बायाही. संस्थांनी मला बोलावणं कमी केलं आहे.