मागच्या सीटवरचा कान

"ज्याची गाडी त्याचा कान. तात्या, मागं जा," असं म्हणून तो मेकॅनिक स्वतः पुढं बसायचा आणि गाडीच्या मालकाला मागच्या सीटवर डोकं टेकवायला लावायचा. भिंगारला त्याच्या गॅरेजात तुम्ही कधी गेला असाल, तर तुमचाही कान त्या सीटला लागला असेल.

जुन्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचा पेट्रोल पंप त्या सीटखाली टाकीत असतो. चावी अर्धी फिरवली की दोन सेकंद बारीक गुणगुणतो. "गुणगुणला का?" तो पुढून विचारायचा. मालक हो म्हणाला की पंपाचा विषय संपला.

तू स्वतः का ऐकत नाहीस, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "मानूस बायकोपाशी खोटं बोलंल. बंद गाडीपाशी कशाला बोलंल?"

खोललेल्या गाडीचे स्क्रू तो बशीत ठेवायचा. एकदा चहावाल्यानं त्यातच चहा ओतला. यानं तो फुंकून प्याला, मग स्क्रू मोजून घेतले.

मी चौथी शिकलेला. चाळीस वर्षं टेम्पो चालवला. इंजिनाच्या आवाजावरून रोग सांगायचो, त्याचा मला लई ताठा. त्याच टेम्पोनं माझे कान खाल्ले, ऐकू कमी यायला लागलं, हे घरातसुद्धा मी कबूल केलं नव्हतं.

दोन वर्षांमागं माझी घरची जुनी कार बंद पडली. स्टार्टर फिरायचा, इंजिन पकडत नव्हतं. ढकलत त्याच्याकडं नेली. मी मागं डोकं टेकवलं. त्यानं चावी फिरवली.

"गुणगुणला का?"

मला काहीच ऐकू आलं नाही. पण पंप गेला की माझा कान, ते मला कळेना. मी म्हणालो, "गुणगुणला."

त्यानं चावी परत फिरवली. "नक्की का तात्या? पाइप सोडून पेट्रोल येतंय का बघू?"

"मी काय भैरा हाय का?"

त्यानं पाइप सोडला नाही. प्लग काढले, कॉइल बदलली, सगळी वायरिंग उकलून फळीवर मांडली. तीन दिवस गाडी रस्त्यावर उघडी. तसंही गिऱ्हाईक कॉम्प्युटर लावून बिघाड शोधणाऱ्यांकडं वळलं होतं, आता येणारे-जाणारे थांबून हसायला लागले. मी समोर स्टुलावर बसून होतो. रोज ठरवायचो, आज सांगू. संध्याकाळी स्टूल आत ठेवून घरी जायचो.

चौथ्या दिवशी त्यानं हात पुसले. "हातातलं गेलं तात्या. आता लोकांच्या गाड्या खोलू नये."

गाडी शहरात ओढून नेली. तिथं तासाभरात कळलं, पंप मेलेला.

परत आल्यावर त्यानं विचारलं, "काय निघालं?" शहरातल्यांनी मला काही सांगितलं नाही, असं मी म्हणालो. तो मान हलवत राहिला. "पंप तर न्हवता. तुमी ऐकला हुता."

महिनाभरात त्यानं शटर ओढलं आणि पारनेरला बहिणीकडं गेला. जाऊन सांगायचं म्हणत राहिलो. दिवाळीआधी तो वारल्याचा निरोप आला.

आता लेकीनं मला कानाचं मशीन आणून दिलंय. परवा बायकोला पुढं बसवलं, चावी फिरवायला सांगितली आणि मागच्या सीटवर डोकं टेकवलं. पंप गुणगुणला, पार स्वच्छ. मी तसाच पडून राहिलो.

पुढून कुणी काही विचारलं नाही.