इतिवृत्तातला चौथा मुद्दा

मार्चचा दुसरा रविवार, सकाळी अकरा, विहारामागची खोली. हजर: वधू-वर मंडळाचे रेल्वेतून निवृत्त अध्यक्ष; सिलतऱ्याच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणारे आणि मंडळाची वेबसाइट बनवणारे त्यांचे जावई; चिटणीस म्हणून मी; आणि माझी मुलगी, सभासद नसताना, माझ्या आग्रहावरून.

मुलगी घरी बसून कंपन्यांच्या वेबसाइटमधल्या चुका शोधते. तशी परवानगी जाहीर करणाऱ्या कंपन्यांच्याच. चूक सापडली की गुपचूप कळवायची, दुरुस्त झाली की बक्षीस मिळतं. नातेवाइकांना मी "कॉम्प्युटरचं काम" एवढंच सांगते.

आमच्या साइटवर ती कामासाठी गेलीच नव्हती. तिला न विचारता मी तिचा फॉर्म भरला होता, तो काढून टाकायला गेली. साइटवरच्या पानाच्या पत्त्याच्या शेवटी फॉर्मचा क्रमांक होता, २१४. तिने तो २१३ केला, तर दुसऱ्याच बाईचा फॉर्म समोर आला, पासवर्ड न विचारता. तिने लगेच बंद केला आणि मला सांगितलं.

तो फॉर्म कोणाचा हे मला ठाऊक होतं. दोन्ही मी एकाच दुपारी भरले होते. पुरानी बस्तीत राहणारी एक शिक्षिका, पहिल्या सासरच्या त्रासातून सुटून नव्या खोलीत आलेली. "दीदी, पत्ता कोणाले दिसणार तर नाही ना?" तिने दोनदा विचारलं होतं. नाही, असं मी दोनदा सांगितलं होतं.

बैठकीत अध्यक्षांनी आधी मुलीलाच धरलं. "पोरी, तू दुसऱ्याच्या फॉर्मात घुसली काहून?"

"घुसी नहीं, काका. दरवाज़ा खुला था, वो बता रही हूँ," मुलगी तिच्या नेहमीच्या हिंदीत म्हणाली.

"खुल्या दारातून डोकावणाऱ्यालेही आम्ही विचारतो."

"तो पूछिए ना. पर पहले बंद कर लीजिए."

जावई हसले, सासऱ्यांनी पाहिल्यावर गंभीर झाले. "बरोबर बोलून राहिली ती, मामाजी. बुधवारपर्यंत करतो मी."

"तब तक बात इस कमरे से बाहर नहीं जाएगी," मुलगी म्हणाली. "मम्मी, आप भी."

"हव," मी लिहिता लिहिता म्हटलं.

इतिवृत्त त्याच दिवशी सगळ्या सभासदांना पाठवायचं, हा नियम मीच करून घेतलेला. आधीचे चिटणीस सहा-सहा महिने लावायचे. तीन वाजता मी ते टाइप करून ग्रुपवर टाकलं. मुद्दा चौथा: साइटवरच्या पानाच्या पत्त्याच्या शेवटचा आकडा बदलल्यास दुसऱ्याचा फॉर्म दिसतो, उदा. २१३. दुरुस्ती बुधवारपर्यंत.

इतिवृत्त म्हणजे बाहेर बोलणं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ग्रुपवर टाकत असले तरी माझ्या लेखी ते कपाटातल्या फाइलीचंच काम होतं.

चार वाजता मुलगी माझा फोन हातात धरून स्वयंपाकघरात आली. "मम्मी, ये क्या किया? तरीका भी लिख दिया, नंबर भी."

"इतिवृत्तात नेमकं लिहावं लागते," मी म्हटलं, आणि तोंडातून शब्द निघता निघताच मला कळलं. त्या शिक्षिकेच्या पहिल्या सासरचे दोघे जण त्याच ग्रुपमध्ये आहेत.

मेसेज काढला. जावयांना फोन केला, त्यांनी अर्ध्या तासात साइटच बंद केली. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "ताई, मधल्या वेळात २१३ नऊदा उघडला गेला."

"कोणी?"

"ते मले नाही सांगता येत."

सोमवारच्या यादीत पाच कामं लिहिली. अध्यक्षांना चूक सांगणे, झालं, ते म्हणाले, "आता तुमच्या पोरीलेच विचारून लिहा." इतिवृत्ताचा नियम बदलणे, झालं. मुलीचा फॉर्म काढणे, झालं. गोल बाजारातून कुकरची रिंग, आणली. तिथून पुरानी बस्ती लांब नाही, तरी रिक्षावाल्याला मी घरचाच पत्ता सांगितला.

"बताया?" दार उघडताच मुलीने विचारलं.

"उद्या."

"जिसका खुला था, उसको सबसे पहले बताते हैं, मम्मी."

"तू येशील सोबत?"

"आऊँगी. बोलोगी आप."

आज मंगळवार. त्या शिक्षिकेची शाळा साडेचारला सुटते. फोनवर सांगायची ही गोष्ट नाही. चार कामांपुढे खूण आहे, पाचव्यापुढे अजून नाही: पुरानी बस्तीत जाऊन तिला सांगणे.