नेलपॉलिशची रेघ

श्यामसुंदर मेहेंदळ्यांचा जगावर विश्वास होता, फक्त सर्व्हिस सेंटरवर नव्हता. भोसरीच्या कारखान्यात सव्वीस वर्षं त्यांनी माल तपासला. त्यांच्या सहीशिवाय एका नटाचीही दाराबाहेर जायची बिशाद नव्हती. पुढे परदेशी भागीदार आले, तपासायला यंत्रं आली आणि साहेबांनी गोड बोलून मेहेंदळ्यांना मुदतीआधीच घरी बसवलं. घरात सही करण्यासारखं काही नव्हतं. कुरिअरवाल्याच्या कागदावर ते इतक्या ऐटीत सही करत, की तो बिचारा घड्याळ बघायचा.

मग त्यांना मोटरसायकली सापडल्या. कर्वेनगरच्या त्यांच्या सोसायटीत हिंजवडीच्या आयटीतली पोरं भाड्याने राहायची. कुणाची गाडी सर्व्हिसिंगला निघाली, की काका बायकोची नेलपॉलिश घेऊन खाली उतरत. ऑइलचा बोल्ट, एअर फिल्टरचं झाकण, मागच्या चाकाचा नट, या तिन्हींवर बारीक रेघ ओढत, अर्धी नटावर आणि अर्धी शेजारच्या लोखंडावर. नट फिरला की रेघ तुटलीच पाहिजे. अखंड परत आली, तर नुसतं पाणी मारून गाडी माथी मारली म्हणून समजा! ‘माझ्या नजरेतून काही सुटत नाही’ हे वाक्य सोसायटीत सगळ्यांना पाठ होतं.

त्या शनिवारी काका रेघा ओढून सर्व्हिसिंगला दिलेली स्वतःचीच गाडी आणायला गेले. तिथून मंडईत जायचं म्हणून त्यांच्या पत्नी शालूताई पिशव्या घेऊन बरोबर होत्या. काकांनी काउंटरसमोर उभ्या गाडीपाशीच बैठक मारली, हातातल्या बॅटरीचा झोत नटांवर टाकला आणि आरोळी ठोकली, “सापडला! तिन्ही रेघा जशाच्या तशा! हात तरी लावलात का हो गाडीला?”

बाकावरची गिऱ्हाइकं उठून उभी राहिली. मॅनेजर श्रीनिवास धावत आला. मेकॅनिक प्रज्ञेश हात पुसत म्हणाला, “काका, मी तिन्ही उघडलेत.”

“मग रेघ कशी राहिली? जादूने?”

श्रीनिवासने तक्रारवही पुढे केली. “लिहा काका. याची ही तिसरी. तिसरीला आम्ही माणूस काढतो. आधीच्या दोन्ही तुमच्याच सोसायटीतल्या आहेत.”

प्रज्ञेशचा चेहरा पडला. काकांनी मात्र झोकात तक्रार लिहून काढली. आता फक्त सही राहिली होती.

इतक्यात शालूताई गाडीपाशी वाकल्या. “अहो, ही माझी नेलपॉलिश नव्हेच. माझी राणी रंगाची. ही चक्क लाल आहे.”

“एकच की ते!”

“एकच? आपल्या अपेक्षाच्या लग्नात घेतलेली बाटली मी ओळखणार नाही?”

प्रज्ञेशने खिशातून लाल रंगाची कुपी काढली. “नट आवळला की रेघ मारायची, ही आयटीआयच्या सरांनी लावलेली सवय. जुनी रेघ दिसली, ती पुसून तिथेच नवी मारली. मला वाटलं, कंपनीचीच खूण असेल.”

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अशी रेघ नसलेला एकही नट त्यांनी सव्वीस वर्षांत पास केला नव्हता. त्यांच्या शिस्तीचा माणूस त्यांना भेटला होता, आणि त्याच्याच पोटावर ते पाय द्यायला निघाले होते.

“चुकलं रे माझं,” ते म्हणाले. आपली तक्रार त्यांनी खोडली. मग मागची पानं उलटून पोरांच्या दोन्ही खोडल्या. खाली लिहिलं, ‘काम तपासले. उत्तम.’ आणि तारीख घालून सही केली, तीच, कारखान्यातली, लांबलचक. पाच वर्षांनी पहिल्यांदाच त्यांच्या सहीची कुणाला तरी खरोखर गरज होती.

गाडी रस्त्याला लागल्यावर मात्र काकांना पुन्हा कंठ फुटला. “पुढच्या वेळी हिरवी रेघ मारतो. त्यावर त्याने लाल मारली, की लगेच कळेल.”

“तुम्हाला? कळेल?” मागून शालूताई म्हणाल्या. “थांबा आधी. सिग्नल लाल आहे.”

काकांनी ब्रेक दाबला.