डाग न पडणारे दात

दादाच्या गालातल्या जखमेचा तुकडा तपासायला दिला होता. सोमवारी दुपारी रिपोर्ट आला. कॅन्सर होता.

मी तो वाचून दाखवला. माझा मोठा भाऊ ओठ मिटून ऐकत होता. शेवटी त्याने तोंड उघडलं आणि समोरचे चार दात दिसले. चिनी मातीचे, पांढरेशुभ्र.

मूळचे चार तंबाखूने गेले. तेव्हा मीच त्याला लोणारहून बसने मेहकरला दातांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टरांनी नमुन्याच्या दातांची पट्टी त्याच्या ओठांशी धरली. शेजारच्या दातांना मिळता रंग घ्या, म्हणाले. दादाने सगळ्यांत पांढऱ्यावर बोट ठेवलं. "नवे घ्याचे तं पिवळे काऊन घेऊ?"

धातूच्या पातळ सांगाड्यावर चिनी मातीचे थर चढवून भट्टीत भाजलेले ते दात पुढच्या खेपेला बसले. डॉक्टर म्हणाले, "यावर डाग पडत नाहीत. पण तंबाखू बंद करा."

दादाने पहिलं वाक्य तेवढं घरी आणलं. परतीच्या बसमध्येच त्याने तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला.

"डागच पडत नाही म्हणते डाक्टर. मंग भेवाचं काय काम?"

"दुसरंही काही म्हणाले ते."

"तू पुस्तकं वाच बे. दात माहे हायेत."

तो अजून खातो, हे मी वहिनीला सांगितलं. तिने मलाच वेड्यात काढलं. "मी रोज पाह्यतो ना, भाऊजी. पांढरे फट हायेत. सोडली त्याहीनं."

तो शेतात खायचा, विहिरीवर खळखळून चूळ भरायचा आणि घरी हसत यायचा. गुळगुळीत चिनी मातीवर काही टिकत नसे. लग्नात लोक त्याची थट्टा करत, "हास बे जरा, लाइट गेली हाय." तो हसायचा. त्या चार दातांच्या मागे गाल आतून सडत होता आणि कुणी तिकडे पाहत नव्हतं.

पुढे तोंड एका बोटाएवढंही उघडेना. गालाला आरपार भोक पडलं. मी कापसाने पू टिपायचो. खोलीत शिरताना श्वास धरावा लागे. सख्ख्या भावाची किळस येते, हे मला तोवर माहीत नव्हतं. आणि त्या घाणीत ते चार दात, आज बसवल्यासारखे. कापूस फिरवला की लगेच चकाकायचे.

दादाची राख सावडायला गेलो तेव्हा ते सापडले. धातू काळा पडला होता, एका दाताचा टवका उडाला होता. बाकी चिनी माती भट्टीतून आलेली, चितेलाही पुरून उरली. काकांनी ते उचलून सगळ्यांना दाखवले.

"पाह्या, दात जळले नाही. पुण्यवान मानूस. व्यसन नाही, काही नाही."

असं म्हणून त्यांनी तोंडातली तंबाखू बाजूला थुंकली. राखेपासून हातभर अंतरावर. कुणाला काही वाटलं नाही. दोघांनी तर हात जोडले.

"काका, ते खोटे दात आहेत," मी म्हणालो.

"असतीन. पन जळले नाही ना?" काकांनी ते पाण्याने धुतले, रुमालात बांधले आणि देवघरात ठेवायला म्हणून घरी नेऊन वहिनीपुढे धरले.

वहिनीने रुमाल सोडला. बराच वेळ पाहिलं. मग हात न लावता तो माझ्याकडे सरकवला.

"हे मले घरात नको, भाऊजी. यायच्याकडं पाहूनच मी फसलो."

काकांनी खिशातून चुन्याची डबी काढली.

अस्थी नदीत सोडल्या. चार दात माझ्या टेबलाच्या खणात आहेत. त्यांवर डाग नाही.